‘मागे फिर’ कोण म्हणालं?

त्या मे महिन्यात मी जेवढी लाकडं तोडली तेवढी आमच्या अख्ख्या आळीत मिळून कुणी तोडली नसतील. सगळी कम्प्युटरवर. हाताला घट्टे नाहीत, पण उजवं मनगट असं दुखायचं की आई विचारायची, "लिहितोस तरी काय एवढं?" मी म्हणायचो, "टायपिंग." आई खूश.

साल दोन हजार एक. दहावीची परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता, आणि घरच्यांनी मला कम्प्युटर क्लासला घातलं, कारण समोरच्यांनी त्यांच्या मुलीला घातलं होतं. क्लास मारुती मंदिराजवळ, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की वरून कुणी येत असेल तर खालच्यानं पोट आत घेऊन भिंतीला चिकटायचं. चपला बाहेर काढायच्या. धूळ गेली तर कम्प्युटर बिघडतो असं सर सांगायचे, आणि ते सांगताना आवाज असा लावायचे की आत गेल्यावर आपण आपोआप हात जोडू की काय असं वाटावं.

दुपारी एक ते चार आमची रत्नागिरी बंद. दुकानांची शटरं खाली, माणसं आडवी, कुत्रीसुद्धा गाड्यांखाली. सरही बाहेरच्या खोलीत तीन खुर्च्या जोडायचे, त्यावर पंचा अंथरून झोपायचे आणि डोळे मिटता मिटता म्हणायचे, "गेम खेळा. पण आवाज नको हां."

गेम जुन्या काळातल्या राजेरजवाड्यांचा होता. सुरुवातीला तुम्हाला तीन गावकरी, एक चावडी आणि चार मेंढ्या मिळतात. मेंढ्या खायच्या, लाकडं तोडायची, सोनं खणायचं, घरं बांधायची, मग सैन्य उभं करायचं आणि दुसऱ्याचं गाव जाळायचं. चार मशीनं निळ्या वायरीनं जोडलेली, त्यामुळे दोघं विरुद्ध दोघं खेळता यायचं. मध्ये सरांनी प्लायवुडची भिंत घातली होती. ह्या बाजूला आम्ही दोघं, त्या बाजूला ते दोघं. पलीकडचा पडदा दिसायचा नाही, पण पलीकडचा शब्द न शब्द ऐकू यायचा.

आमच्या बाजूला मी आणि तांडेल. तांडेल माझ्याच वर्गातला. त्याचे अब्बा मिरकरवाड्यात लाँचवर तांडेल, म्हणजे लाँच चालवणारे कप्तान, म्हणून शाळेत मास्तरांपासून शिपायापर्यंत सगळे ह्यालाच तांडेल म्हणायचे. त्यानं पहिल्याच दिवशी कामं वाटली.

"सैन्य माझं. तू मागं राहायचं. मेंढ्या, लाकडं, सोनं. मला फक्त माल पोचवायचा."

"आणि मी लढायचं कधी?"

"तू? तू लढायला लागलास की त्यांच्या आधी मीच हसून मरेन."

त्याचं चुकत नव्हतं. शाळेत माझी ओळख एकच, नकला. मुख्याध्यापक प्रार्थनेनंतर सूचना देताना खाकरायचे ते. एसटीचा कंडक्टर "पुढं सरका, पुढं अख्खी गाडी रिकामी आहे" म्हणायचा ते. नगरपालिकेच्या रिक्षातून "उद्या पाणी येणार नाही" सांगणारा माणूस, भोंग्याच्या खरखरीसकट. असल्या माणसाच्या हातात वीस धनुर्धारी कोण देणार? तरी मला सैन्य पाहिजे होतं. मेंढ्यांचं कसं असतं, त्या संपतात आणि कुणाच्या लक्षातही राहत नाहीत.

भिंतीपलीकडे दोघे भाऊ, पालीचे. सकाळच्या एसटीनं क्लासला यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. थोरला बारावीत, त्याला मिशी फुटली होती आणि तिचा त्याच्या आवाजावर परिणाम झाला होता. धाकटा आठवीत. थोरला सैन्यासकट धाकट्यालाही चालवायचा. "तबेला बांध. बांधलास? मग बसलायस काय, घोडे काढ! चल पुढं. पुढं रे! आता थांब." धाकटा मुकाट्यानं करायचा. दोघांचं मिळून सैन्य म्हणजे नुसते घोडे. चिलखतवाले, झुलीवाले, चकाचक. गावात आले की आमची घरं पेटलीच म्हणून समजा. सलग आठवडाभर हरलो.

मग एका दुपारी माझ्या तोंडातून निघून गेलं. म्हणजे ठरवून नाही. त्यांचे घोडे आमच्या चावडीपर्यंत आले होते, मी मेंढ्या राखत बसलो होतो, हात रिकामे होते, आणि मी थोरल्याच्या आवाजात, त्याच्या मिशीसकट, ओरडलो, "मागे फिर! मागे फिर रे, फसलो!"

धाकट्याचे पंधरा घोडे गर्रकन वळले.

पलीकडे थोरला, "अरे कुठं चाललास?" धाकटा, "तूच म्हणालास ना!" "मी कधी?" "आत्ता!" तोवर तांडेलानं मागून बाण सोडून ते पंधरा घोडे लोळवले होते. तांडेल तोंडात रुमाल कोंबून हसत होता. आमचा पहिला विजय. मी एक भाला न उचलता मिळवलेला.

त्यानंतर चार दिवस मी पालीचं सैन्य चालवलं म्हणायला हरकत नाही. "डावीकडनं ये", "सोनं सोड, दगड खण", "माझ्याकडं बघू नको, घरं बांध". धाकट्यानं एकदा भर जंगलात तटबंदी बांधली, नुसत्या झाडांभोवती, कुणाचीच वाट न अडवणारी. पाचव्या दिवशी थोरला भिंतीला वळसा घालून आला आणि त्यानं मला बोलताना रंगेहाथ पकडलं. आवाज चढले, सर उठले, पंचा सावरत आत आले आणि दोन्ही बाजू ऐकून निकाल दिला.

"ह्या खोलीत जो बसलाय त्याचा आवाज कुणी काढायचा नाही. काढला तर त्याची बाजू हरली. आणि," माझ्याकडे बोट, "तू काढलास तर तुझं मशीन बंद. परत गेम नाही."

"सर, खोलीबाहेरच्यांचा काढला तर?"

"बाहेरच्यांचा काढ. माझा काढू नको."

झालं. मी परत मेंढ्यांकडे.

आणि मग तांडेलानं तो घोळ घातला.

त्याचं लढण्याचं एक शास्त्र होतं. नकाशात कुठं पाण्याचा थेंब दिसला की पहिलं तिथं बंदर बांधायचं. माझी सगळी लाकडं होड्यांत जायची. एका डावात मध्ये नदी होती. तांडेल पंचवीस धनुर्धारी घेऊन काठावर गेला आणि थांबला.

"जा ना पलीकडे," मी म्हटलं.

"थांब. पाणी उतरतंय."

"काय?"

"बघ की, कडेला पाणी फिकं झालंय. ओहोटी लागलीय. अर्ध्या तासात चालत जाऊ. उगीच होड्यांना लाकडं कशाला घालवा?"

मला वाटलं मस्करी करतोय. पण तो मस्करी करत नव्हता. तांडेल खुर्चीत मागं टेकला, हात डोक्यामागं घेतले, आणि पडद्याकडे असा बघत बसला जसे त्याचे अब्बा जेटीवर बसून खाडीकडे बघतात. मी पण, सांगायला लाज वाटते, थांबलो. खाडीकाठच्या माणसानं पाण्याबद्दल सांगितलं की आपण ऐकतोच. पंधरा मिनिटं आमचं सैन्य ओहोटीची वाट बघत उभं. पाणी फिकं होतं कारण गेम बनवणाऱ्यानं काठाचं पाणी फिकं रंगवलं होतं. एवढ्यात पालीवाले वरच्या बाजूनं, जिथं पाणी खरोखर गुडघाभर होतं तिथनं, आरामात चालत आले आणि पंचवीसच्या पंचवीस धनुर्धारी काठावरच कापले. एकूण एक पाण्यावरची नजर न काढता मेला.

भिंतीपलीकडून थोरला, "काय रे, आंघोळीला उभे केले होतेस काय?"

तांडेलानं की-बोर्ड पुढं ढकलला. मग माझ्याकडे वळला. "भरती-ओहोटी ठेवत नाहीत म्हणजे काय? एवढा खर्च करून गेम बनवला आणि समुद्राला हलवता येत नाही?"

"तांडेल, उद्या सैन्य मला दे."

"तुला?"

"एकदाच. हरलो तर जन्मभर मेंढ्या. शब्द काढणार नाही."

त्यानं बराच विचार केला. बहुतेक मी शब्द काढणार नाही ह्या भागाचा. "एकच डाव," तो म्हणाला. "आणि जिंकलास तर पुढं पण तुझंच. पण नक्कल नाही. नक्कल करून जिंकलास तर सर मशीन बंद करतील, आणि मी तुला जेटीवरनं ढकलीन."

आता मला सैन्य कसं जमवायचं ते शिकणं भाग होतं. तांडेल म्हणे सोपं आहे. भालेवाले घोड्यांना भारी, घोडे धनुर्धाऱ्यांना भारी, धनुर्धारी भालेवाल्यांना भारी. त्यानं वहीत बाण काढून दाखवले. मी ते संध्याकाळी पाठ केलं आणि रात्री जेवेपर्यंत विसरलो. मग मला एक युक्ती सुचली. एकेकाला आवाज दिला.

भालेवाले म्हणजे एसटी स्टँडवर रिझर्वेशनच्या रांगेत उभे असलेले गाववाले. स्वस्त, फाटके, दिसायला काही नाही, पण जागा सोडत नाहीत. "आमी सकाळपास्नं उबे हाव. आमी काय हलनार नाय." त्यांच्यावर घोडा आला काय आणि साहेब आला काय. धनुर्धारी म्हणजे मच्छी मार्केटातल्या बायका. लांबूनच असं एकेक सोडतात की गिऱ्हाईक जागच्या जागी गार. पण कुणी अगदी जवळ गेलं की टोपली आवरून मागं. घोडेस्वार म्हणजे गणपतीला मुंबईहून येणारे काका. आले की धुरळा, आवाज, नवे कपडे. चार दिवस दणका, आणि कुणी खंबीरपणे समोर उभं राहिलं की "गाडी चुकेल हां माझी". दगड फेकणारं ते मोठं यंत्र म्हणजे लग्नातला फोटोग्राफर. एक तर मांडायला अर्धा तास. मग "हलू नका, हलू नका." जो हलला तो वाचला.

आणि साधू. गेममध्ये एक साधू असतो, तो शत्रूच्या शिपायासमोर उभा राहून काहीतरी पुटपुटत राहतो आणि थोड्या वेळानं तो शिपाई रंग बदलून आपल्याकडे येतो. हा तर आमच्या आळीतला विमा एजंट. एकदा त्यानं तुम्हाला कोपऱ्यावर गाठलं आणि "दोनच मिनिटं" म्हटलं की तुम्ही त्याचे झालात.

असं लावल्यावर सगळं डोक्यात बसलं. रांगेतले गाववाले पुढं भरपूर. मागं मच्छीवाल्या. मुंबईचे काका चार-पाचच, जास्त झाले की घरात भांडणं. एक फोटोग्राफर. दोन विमा एजंट. तांडेलाला सांगितलं तर तो म्हणाला, "तू हे सरांना सांगू नकोस, ते क्लासमधनं काढतील." पण मग थोड्या वेळानं म्हणाला, "एजंट तीन कर."

दुसऱ्या दिवशी डाव लागला तो नुसता कोरडा माळ. पाणी औषधाला नाही. तांडेलानं हातात कुऱ्हाड घेतली आणि म्हणाला, "मी जगू कशावर?"

"मेंढ्या आहेत."

"हां. मेंढ्या."

तो खरंच मेंढ्या शोधत फिरायला लागला. बऱ्यापैकी आनंदात. मी भालेवाले काढत होतो आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत होतो, "आमी काय हलनार नाय, आमी काय हलनार नाय." बाहेरच्यांचा आवाज, त्याला परवानगी होती.

थोरल्याचे घोडे आले. मी घाबरलो, पण रांग हलली नाही. घोडे भाल्यांवर येऊन आदळले आणि पडायला लागले. पण मग धाकट्यानं, त्यानं पण ह्या वेळी शहाणपणा केला होता, मागून धनुर्धारी आणले आणि माझे गाववाले पटापट पडायला लागले. मी मुंबईच्या काकांना वळसा घालून पाठवलं. फोटोग्राफर मांडत होता. मधे एजंटनं थोरल्याचा सगळ्यात मोठा, झुलीचा घोडा गाठला आणि तो चक्क निळा, म्हणजे आमच्या रंगाचा, होऊन आमच्याकडे आला. तांडेल मेंढी सोडून किंचाळला, "घेतली पॉलिसी!"

तरी सगळं लोंबकळत होतं. माझे दहा-बारा भालेवाले उरले होते, त्यांचे धनुर्धारी अजून बरेच. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"मागे फिर! मागे फिर रे!"

धाकट्याचे धनुर्धारी वळले आणि पळायला लागले. पळणाऱ्या धनुर्धाऱ्यांना मुंबईच्या काकांनी काय केलं ते सांगत नाही. पाच मिनिटांत त्यांची चावडी पेटली.

मी उभा राहून दोन्ही हात वर केले. आणि थोरला भिंतीला वळसा घालून आला, तोंड लाल. "आवाज काढलास! परत काढलास!"

"मी? नाही रे!"

"मी मागे फिर म्हणालोच नाही!"

मी तांडेलाकडे बघितलं. तांडेल माझ्याकडे बघत होता.

"काढलास?" त्यानं हळूच विचारलं.

"तू बाजूला बसला होतास ना!"

"मी मेंढ्या बघत होतो. खरं सांग."

आता माझंच बघा. मी महिन्यात एकदाच, पहिल्यांदा, सरळ खेळून जिंकलो होतो, आणि एकाही माणसाचा विश्वास बसत नव्हता. आणि त्यांचा दोष होता असंही नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही मलाच धरलं असतं.

सर उठले. सगळं ऐकलं. डोळे चोळले. "सोपं आहे," म्हणाले. "दोघांनी भिंतीपलीकडे उभं राहायचं. एकेकदा 'मागे फिर' म्हणायचं. धाकटा इथं माझ्याजवळ बसेल आणि ओळखेल कुठला दादाचा."

आधी थोरला म्हणाला. मग माझी पाळी. इथं मी गाढवपणा केला. वाईट नक्कल केली असती तर सुटलो असतो. पण वाईट नक्कल मला जमतच नाही, काय करू? घशात तो थोरला असा आला, मिशीसकट, घाबरलेला, की मलाच बरं वाटलं.

"दुसरा दादा," धाकटा म्हणाला.

सर म्हणाले, "संपलं. म्हणजे हा काढू शकतो."

"सर, काढू शकतो हे सगळ्या रत्नागिरीला माहिती आहे! आज काढला का, हा प्रश्न आहे!"

"मशीन बंद कर."

माझा हात बटणाकडे गेलासुद्धा. तांडेल खाली मान घालून वायर गुंडाळायला लागला. तेव्हा धाकटा म्हणाला, "पण सर, टेबल हललं होतं."

"कुठलं टेबल?"

त्या बाजूला टेबल नव्हतंच खरं म्हणजे. सरांच्या जुन्या घराचा एक दरवाजा दोन स्टुलांवर आडवा ठेवला होता, त्याच्यावर दोघा भावांची मशीनं.

"दादा घाबरला की त्याचा पाय हलतो," धाकटा म्हणाला. "गुडघा दाराला लागतो. मग माझा पण पडदा थरथरतो. परीक्षेच्या दिवशी जेवताना पण तसंच होतं, आईची आमटी सांडते. 'मागे फिर' ऐकलं तेव्हा माझा पडदा थरथरत होता. ह्यानं भिंतीपलीकडून आवाज काढला असेल, पण दार कसं हलवेल?"

थोरला धाकट्याकडे असा बघत होता की पालीची गाडी आज एकच प्रवासी घेऊन जाणार असं वाटावं.

सर म्हणाले, "काय रे? म्हणालास?"

थोरल्यानं मिशीवरून बोट फिरवलं. "सर, माझे सगळे घोडे मेले होते. आणि तो मोठा तर... निळा झाला. माझ्यासमोर. मी काय करणार होतो?"

"म्हणजे म्हणालास."

"म्हणालो असेन."

आधी सर हसले. सर हसलेले आम्ही कधी बघितले नव्हते, त्यांचं पोट पंचाच्या वर हलत होतं. मग धाकटा. मग थोरला पण, धाकट्याच्या डोक्यात एक टपली मारून. मी तर हसत हसत खालीच बसलो. टायपिंगच्या बॅचच्या मुली जिन्यात येऊन थांबल्या होत्या आणि एकमेकींना विचारत होत्या, आत कुणाला काय झालं.

तांडेलानं गुंडाळलेली वायर परत सोडली. "सैन्य तुझं," तो म्हणाला. "आणि बरं का, मेंढ्या इतक्या वाईट नसतात. शांत असतात. तुझ्यासारख्या नाहीत."

"मग विचारलंस कशाला, काढलास का म्हणून?"

"तू असतास तर विचारलं नसतंस?"

मी चपला घालायला बाहेर गेलो.

चार वाजता आम्ही चौघं खाली उतरलो, एकापाठोपाठ एक, पोटं आत घेऊन. मेडिकलशेजारची सोड्याची गाडी उघडली होती. कोकम सोडा घेतला. थोरला ग्लासात बघत म्हणाला, "उद्या मी पण भालेवाले काढणार. भरपूर."

"काढ," मी म्हटलं. "मी मच्छीवाल्या दुप्पट करीन."

"कोण?"

"धनुर्धारी. चाळीस-पन्नास."

"त्यांना लाकडं किती लागतील माहितीय?" तांडेल म्हणाला. "कोण तोडणार तेवढी?"

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याच्या लक्षात यायला दोन सेकंद लागले, मग त्यानं मला असं ढकललं की अर्धा सोडा माझ्या शर्टावर आणि अर्धा पालीच्या धाकट्याच्या चपलांत.